‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’: परत बटण दाबण्याआधी ही पाच मिनिटं द्या



दुकानाबाहेर टेम्पो उभा आहे. माल चढलाय, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि बिलिंगच्या कॉम्प्युटरवर मेसेज येतो, ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’. काल चाललं होतं, आज नाही. मग तुम्ही काय करता? परत क्लिक. आणि परत क्लिक.

मीही तेच केलं होतं, आणि महागात पडलं.

मुलुंडला माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. वापीच्या पार्टीला ८२ हजारांचा माल पाठवायचा होता. राज्याबाहेर ५० हजारांच्या वरचा माल गेला की ई-वे बिल लागतंच. (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे.) सॉफ्टवेअरमधून बिल काढायला गेले, एरर आला. परत क्लिक केलं तर म्हणे, ‘या बिल नंबरवर ई-वे बिल आधीच तयार आहे’. घाईत मी बिल नंबरपुढे ‘ए’ लावला आणि नवीन काढलं. टेम्पो गेला, मी खूश.

महिनाअखेरीस सीएंनी विचारलं, “मॅडम, हा दुसरा माल कुठे गेला?” माल एक, ई-वे बिलं दोन, आणि ‘ए’वालं बिल वहीत कुठेच नाही. ई-वे बिल रद्द करायला २४ तास मिळतात, ते कधीच उलटून गेले होते.

नक्की काय झालं होतं?

माझी मागणी पोर्टलपर्यंत पोहोचली होती. बिलही तयार झालं होतं. फक्त उत्तर परत येताना अडकलं. सॉफ्टवेअर ठरावीक सेकंद थांबतं, उत्तर आलं नाही की एरर दाखवतं. याला टाइमआउट म्हणतात. कुरिअर पोहोचलंय, पण सहीची पावती आपल्याकडे आली नाही, तसंच हे.

म्हणून नियम पहिला: टाइमआउट म्हणजे ‘काम झालं नाही’ असं नाही. ‘काम झालं की नाही ते कळलं नाही’, एवढंच. आधी ई-वे बिल पोर्टलवर लॉगिन करा आणि त्या तारखेची बिलं बघा. तिथे असेल तर तोच नंबर वापरा. नसेल तरच परत पाठवा, तेही त्याच बिल नंबरने. बिल नंबर बदलून कधीही नाही.

ई-इन्व्हॉइसचंही तसंच. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते लागू आहे. तिथे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं की २१५० नंबरचा एरर येतो, म्हणजे आयआरएन आधीच तयार आहे. घाबरू नका, पहिला आयआरएन शोधा.

नियम दुसरा: साखळीची कुठली कडी ढिली आहे ते बघा.

तुमचं बिल बहुतेक वेळा चार ठिकाणांहून जातं: दुकानातला कॉम्प्युटर, तुमचं इंटरनेट, सॉफ्टवेअर कंपनीचा सर्व्हर, आणि सरकारी पोर्टल. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा.

१. कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. चाललं? मग बहुधा राउटर, वायर किंवा ब्रॉडबँडमध्ये गडबड.
२. त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये पोर्टल उघडा. उघडतंय, पण सॉफ्टवेअर चालत नाही? मग सॉफ्टवेअर, त्याचं लॉगिन, अँटीव्हायरस किंवा कंपनीचा सर्व्हर तपासा.
३. पोर्टल फोनवर उघडतं पण कॉम्प्युटरवर नाही? मग कॉम्प्युटरकडे बघा.
४. कुठेच उघडत नाही? मग थांबा, चहा घ्या. रिटर्नच्या शेवटच्या तारखांना जीएसटीच्या साइटवर गर्दी असतेच.

एररमध्ये तीन आकडी कोड असेल तर तो लिहून घ्या. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे साधारण आपल्या बाजूची चूक. ४०१ आला तर लॉगिनची मुदत संपलेली असू शकते. ५ ने सुरू होणारा म्हणजे समोरच्या बाजूची अडचण.

नियम तिसरा: वही ठेवा.

अधूनमधून येणारा एरर सपोर्टवाल्याने फोन उचलेपर्यंत गायब होतो. म्हणून तारीख, वेळ, एररचे नेमके शब्द, कुठलं इंटरनेट आणि काय केल्यावर चाललं, हे पाच रकाने आखा.

माझ्याकडे नंतर पुन्हा एरर सुरू झाले. मी सॉफ्टवेअर कंपनीशी फोनवर भांडत होते. बारा दिवसांची वही समोर ठेवली तेव्हा दिसलं की सगळे एरर सकाळी ११ च्या आत. ११ ला काय होतं? काउंटरवरचा मुलगा येतो. त्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, कॉम्प्युटरची तारीख कधीकधी मागे जाते. मी आलो की नीट करतो.”

झालं! मदरबोर्डवरचा बटणसेल संपला होता. ज्या रात्री मेन स्विच बंद व्हायचा, त्या सकाळी घड्याळ काही वर्षं मागे. सुरक्षित जोडणी करताना कॉम्प्युटर समोरच्या सर्टिफिकेटची मुदत आपल्या तारखेशी ताडून बघतो. तारीखच चुकीची, म्हणून तो जोडणी नाकारायचा. बिलिंगमध्ये मागच्या बिलाची तारीख तशीच पुढे चालायची, म्हणून मला कळलंच नाही. सीआर २०३२ नावाचा साधा सेल बदलला आणि विषय संपला. सॉफ्टवेअर कंपनीला फोन करून सॉरीही म्हटलं.

आजचा गृहपाठ: उद्या दुकान उघडल्यावर पहिलं बिल काढण्याआधी कॉम्प्युटरची तारीख, वर्ष आणि वेळ बघा. काउंटरजवळ एक वही ठेवा. आणि स्टाफला एक वाक्य पाठ करून घ्या: “एरर आला की आधी बघायचं, मग दाबायचं.”

पोर्टलवर जुनी बिलं कशी शोधायची ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, ते बघून घ्या. भेटूया पुढच्या धड्यात!