सुई ओवण्याआधी

काल तू फोनवर म्हणालीस, "ताई, सोसायटीतल्या दहा-बाराजणी मिळून पूरग्रस्तांसाठी गोधड्या शिवतोय." तेव्हा माझा कुकर शिट्या मारत होता, म्हणून घाईत ‘छान छान’ म्हणून मोकळी झाले. आज निवांत बोलते. थोडं टोचेल, पण धाकटीला नाही सांगायचं तर कुणाला?

2019 च्या ऑगस्टात पूर ओसरल्यावर आम्ही शिरोळ तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात लोकांनी पाठवलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता. फाटके परकर, एकेकटे मोजे, आणि हो, गॅदरिंगमधला एक झगमगीत घागरासुद्धा! त्या ढिगाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. माझ्या चार गोधड्यांकडेही नाही. मला राग आला गं, खोटं कशाला बोलू? रात्री जागून शिवल्या होत्या मी.

मग एका मावशींनी मला आपल्या दारात नेलं. चिखलानं माखलेल्या पाच-सहा वाकळा तिथं पडलेल्या. तिकडं गोधडीला वाकळच म्हणतात. पाणी पिऊन इतक्या जड झालेल्या की दोघींना एक उचलेना. "सासूबाईंची लुगडी हुती त्यात," मावशी म्हणाल्या, "आता ट्रॅक्टरात टाकायची."

माझे टाके त्यांच्या टाक्यांपुढं पोरखेळ वाटावेत इतका बारीक धावदोरा होता त्या वाकळांवर. खाली मान घालून परत आले.

दुसऱ्या खेपेला गेले ती रिकाम्या हातानं. विचारलं, "मावशी, वाचलेलं काही कापड आहे का? त्याचीच शिवून आणते." त्यांनी एक इरकल काढून दिलं. तीनदा धुऊनही पदरावरचा गढूळ डाग गेला नव्हता. मी तो भाग कापणार, तेवढ्यात म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." तेच वर लावलं, आत माझ्या दोन सुती साड्या घातल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं, तेव्हा घर सोडताना त्यांनी कागदपत्रांच्या पिशवीत ती वाकळ कोंबून नेली.

म्हणून म्हणते, शिवायला बसण्याआधी तिथल्या बायकांशी बोल. कुणाच्या घरी तान्हं मूल आहे, तिला दुपटंच हवं असेल. कुणाला गोधडी नको, भांडी हवी असतील. मग भांडी दे, सुई ठेव बाजूला.

आणि घाई करू नकोस. पहिल्या आठवड्यात पिण्याचं पाणी, चटया, पॅड, कोरडे कपडे हवे असतात. गोधडी न्यावी दिवाळीच्या पुढेमागे. भिंतींतली ओल अजून गेलेली नसते, थंडी पडायला लागते आणि मदतीच्या गाड्या केव्हाच थांबलेल्या असतात. तुम्हालाही शिवायला तीन महिने मिळतील.

तीन पदरांच्या वर जाऊ नका. जाड गोधडी आपल्या गॅलरीत शोभते, पण ज्यांच्याकडे दोरी बांधायला धड भिंत नाही त्यांनी ती वाळवायची कुठं? आत सिंथेटिक साडी नको, ती सरकते. नवं कापड असेल तर आधी पाण्यातून काढ, नाहीतर पहिल्याच धुण्यात तेवढं आटतं आणि गोधडी चुरगळते. लाल कापडावर तर मुळीच विश्वास ठेवू नकोस, रंग सोडतं ते. सगळे पदर आधी कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या. तसं न करता कडेकडून आत शिवत आलात की मधे फुगा धरतो. टाका लांब घालणारीला प्रेमानं उसवायला लाव. पोरांच्या पायाचे अंगठे अडकतात त्यात.

आणि ते कोपऱ्यात सोसायटीचं नाव भरायचं म्हणत होतीस ना? आमच्या गटातही त्यावरून भांडण झालं होतं. मी साफ नाही म्हटलं होतं, एकजण अजून बोलत नाही माझ्याशी. पांघरुणावर रोज रात्री देणाऱ्याचं नाव कशाला वाचायला लावायचं कुणाला? रांगेत उभं करून फोटोही नकोत.

शनिवारी ये. पहिली गोधडी आपण दोघी टाचू, म्हणजे तुला बाकीच्यांना दाखवता येईल. येताना कात्री आण, माझी बोथट झालीय.