भोकाचा पैसा



इतिहासाचे पुस्तक उघडले की तुमच्यापैकी काहींना जांभई येते, हे मला ठाऊक आहे. सनावळ्या, लढाया, तह, त्यांची कारणे आणि त्यांचे परिणाम! पाठ करायचे, परीक्षेत लिहायचे आणि सुट्टी लागताच विसरून जायचे. पण इतिहास फक्त पुस्तकात राहतो, असे तुम्हांला कोणी सांगितले? तो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतो. दादीच्या पानाच्या डब्यात असतो. कधी कधी तो परसात माड लावताना कुदळीला लागतो.

आमचे सावर्डे हे चिपळूण तालुक्यातील गाव. मुंबई-गोवा महामार्ग येथून जातो, कोकण रेल्वेही येथे थांबते. एकदा मी वर्गातील मुलांना म्हणालो, "उद्या प्रत्येकाने घरातील एक जुनी वस्तू आणा. मात्र घरच्यांना विचारून आणा, आणि त्या वस्तूची गोष्टही ऐकून या."

दुसऱ्या दिवशी टेबलावर जणू बाजार भरला. अडकित्ता आला, कंदील आला, भात मोजायची लाकडी पायली आली. पितळी पानाचा डबा आला. त्यात काताची जागा वेगळी होती. सावर्ड्याच्या मुलांना कात काय असतो ते सांगावे लागत नाही. खैराच्या लाकडापासून कात करणारे कारखाने आमच्याकडे आहेतच. एका मुलाने मात्र खिशातून हळूच एक लहानसे तांबूस नाणे काढले. त्याच्या मध्यभागी मोठे गोल भोक होते.

"सर, या पैशाला भोक का आहे?" त्याने विचारले.

"तुझ्या दादी काय म्हणाल्या?"

"दादी म्हणाली, लहान मुलांच्या करदोट्यात ओवायला. पैसा हरवू नये म्हणून सरकारनेच भोक पाडले."

सगळा वर्ग हसला. मी म्हणालो, "हसू नका. आता आपण त्या पैशालाच विचारू या."

पैशाला कसे विचारायचे? प्रथम तो नीट पाहायचा. त्यावर राजमुकुट होता, म्हणजे तो इंग्रजांच्या राज्यातला. त्यावर १९४४ हे साल होते. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. मग दोन मुले तो पैसा आणि त्याच्या आधीचा, भोक नसलेला एक जुना पैसा घेऊन सोनाराकडे गेली. सोनाराने दोन्ही काट्यावर घातले. जुना पैसा पाच ग्रॅमच्या जवळपास भरला आणि भोकाचा पैसा केवळ दोन ग्रॅम! आता उत्तर मुलांनीच सांगितले. युद्धासाठी तांबे हवे होते. तोफगोळ्यांना आणि काडतुसांना धातू लागतो. म्हणून सरकारने १९४३ पासून पैसा हलका केला आणि त्याचे पोटच काढून टाकले. युरोपात आणि ब्रह्मदेशात चाललेल्या लढाईचा परिणाम आपल्या गावच्या वाण्याच्या गल्ल्यात असा दिसत होता.

मग दादींची गोष्ट खोटी ठरली का? मुळीच नाही. भोक कशासाठी पाडले, हे दादींना ठाऊक नव्हते. पण लोकांनी त्या भोकाचा काय उपयोग केला, हे त्यांनी बरोबर सांगितले. लोक हा पैसा खरोखरच दोऱ्यात ओवत. कोणी खिळ्याखाली चकती म्हणूनही वापरत. नाण्याने कारण सांगितले, दादींनी वापर सांगितला. दोन्ही वहीत लिहायचे, पण कोणी काय सांगितले ते वेगवेगळे लिहायचे.

या पैशावरून हिशेबही निघाला. चार पैशांचा एक आणा आणि सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणे बाजारातून गेले, पण भाषेतून गेले नाहीत. आजही आपण मराठीत 'सोळा आणे खरे' म्हणतो आणि उर्दूत 'सोलह आने सच'. जुन्या वस्तू पेटीत मिळतात, तशा त्या आपल्या तोंडीही मिळतात. 'दप्तर' हाच शब्द घ्या. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर म्हणजे कचेरीतील कागदांचा गठ्ठा, आणि शाळेत तुम्ही पाठीवर अडकवता तेही दप्तरच! फारसी ही शेकडो वर्षे राज्यकारभाराची भाषा होती. जमीन, जिल्हा, तालुका, शिक्का, सनद हे सारे शब्द त्याच वाटेने मराठीत येऊन बसले.

सावर्ड्याजवळच डेरवण आहे. तेथील शिवसृष्टी तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जीवनातील प्रसंग तेथे मोठमोठ्या पुतळ्यांतून उभे केले आहेत. मुले तेथे खिळून उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुतळा आजच्या शिल्पकाराने आपल्या मनातील चित्र पाहून घडवलेला असतो. महाराजांच्या काळातील तांब्याची शिवराई मात्र त्या काळातील माणसांच्या हातांतून फिरलेली असते. तिच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी नागरी अक्षरे असतात. कोण्या शेतकऱ्याने ती कनवटीला लावली असेल, कोण्या मावळ्याने तिचे मीठ घेतले असेल.

कोकणात आणखी एक विलक्षण नाणे चालत असे. त्याचे नाव लारी. इराणातील लार या भागावरून हे नाव पडले. चांदीची जाड तार घ्यायची, ती मध्ये दुमडायची आणि वर ठसा मारायचा, की झाले नाणे! दिसायला ते केसांच्या आकड्यासारखे. विजापूरच्या आदिलशहानेही लारी पाडल्या. १८४६ साली संगमेश्वर तालुक्यात अशा लारींचा साठा सापडला होता. इराणच्या आखातातील नाणे आपल्या डोंगराळ भागात कसे आले? नकाशा उघडा. चिपळूणवरून वाहणारी वाशिष्ठी नदी दाभोळला समुद्राला मिळते. दाभोळ हे त्या काळी नामांकित बंदर होते. अरब आणि इराणी व्यापारी तेथे घोडे आणत आणि येथून कापड व मसाल्याचे पदार्थ नेत. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी मायदेशी परतताना दाभोळहूनच गलबतात बसला होता.

आता जरा थांबा. लारीवर अरबी-फारसी अक्षरे असतात, आणि तार अरुंद असल्याने ती अर्धीच उमटतात. तरीही अलिफ, लाम, शीन तुम्हांला चटकन ओळखता येतील. शिवराईवरची नागरी अक्षरेही तुम्हांला वाचता येतात. दोन्ही नाणी वाचू शकणारी मुले जिल्ह्यात फार नाहीत. तुम्ही मराठीचा तास हा 'दुसऱ्या भाषेचा' म्हणून कंटाळत बसता, तेव्हा मला हेच आठवते.

जुन्या मशिदीवर किंवा कबरीच्या दगडावर पुष्कळदा हिजरी सन असतो. तो इसवी सनात कसा आणायचा, हेही शिकून घ्या. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून हिजरी सनाला ३३ ने भागा, येणारा भागाकार त्याच सनातून वजा करा आणि ६२२ मिळवा. समजा, सन १०७१ आहे. भागाकार ३२ आला. १०७१ मधून ३२ गेले, राहिले १०३९. त्यात ६२२ मिळवले की १६६१. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, पण शतक चुकत नाही.

दाभोळच्या किनाऱ्यावर आदिलशाही काळातील एक सुंदर दगडी मशीद आहे. तिची गोष्ट अशी सांगतात : विजापूरची एक शाहजादी हजला जाण्यासाठी लवाजम्यासह दाभोळला आली. पण पुढचा प्रवास होईना. तेव्हा जाणत्या लोकांच्या सल्ल्याने तिने सोबत आणलेला पैसा मशीद बांधण्यात खर्च केला. गोष्ट गोड आहे. मी ती मुलांना रंगवून सांगतो. पण 'असे सांगतात' हे दोन शब्द कधी गाळत नाही. दगड, कमानी आणि घुमट आपल्यासमोर आहेत. शाहजादीचे मन आपल्यासमोर नाही.

याच्या अगदी उलट उदाहरणही आपल्या जिल्ह्यात आहे. जांभ्या दगडाच्या सड्यांवर हत्ती, मासे, माणसे अशी मोठमोठी चित्रे कोरलेली आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. उक्षी येथे हत्ती आहे, कशेळीलाही प्रचंड हत्ती आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगावी फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून ती शोधली. २०२२ साली त्यांतील काही ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. येथे वस्तू आहे, पण तिची खरी गोष्ट सांगणारे कोणी उरलेले नाही.

गोष्टी अशाच हरवतात, आणि वस्तूही. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. तेथे पुस्तकांबरोबर जुन्या वस्तूंचाही संग्रह आहे. २००५ च्या आणि पुन्हा २२ जुलै २०२१ च्या महापुरात या वाचनालयाचे फार नुकसान झाले. त्या पुरात कितीतरी घरांतील कागदपत्रांचाही चिखल झाला. शिवाय भंगारवाला तर बारा महिने दारात येतोच. पितळेचे भांडे तो वजनावर घेतो. त्यावर कोरलेले नाव आणि साल त्याला काय कामाचे?

म्हणून वस्तू मिळाली की तिचे चित्र काढा, वजन व माप लिहा, ती कोठे होती आणि कोणी दिली ते लिहा. नाणे चिंचेने घासून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात. कातळावरील चित्रांवर खडूने रेघा ओढू नका. जमिनीत काही मौल्यवान सापडले तर ते लपवू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आता शेवटची वस्तू. वर्गातील एका मुलीने पणजोबांचे खलाशाचे पुस्तक आणले होते. कोकणातील कितीतरी मुसलमान घरांत असे पुस्तक असते. त्यात बोटीचे नाव, बोटीवर चढल्याची तारीख आणि उतरल्याची तारीख लिहिलेली असते. मुलीच्या दादी नेहमी सांगत, "माझे सासरे लढाईच्या दिवसांत पाच वर्षे घरी आले नाहीत. सासूबाईंनी पाच ईदा वाट पाहण्यात काढल्या." पुस्तकात मात्र वेगळेच निघाले. १९४२ च्या जुलै महिन्यात ते मुंबईत बोटीवरून उतरले होते आणि तेवीस दिवसांनी दुसऱ्या बोटीवर चढले होते. तेवीस दिवस मुंबईत, आणि घरी आले नाहीत?

वर्गात वाद सुरू झाला. एक मुलगा म्हणाला, "पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. येणार कसे?" दुसरा म्हणाला, "रेल्वेने कऱ्हाडपर्यंत यायचे आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचे." "एवढ्या पावसात घाट?" "आणि पगार हातात पडला होता की नाही, कोणाला माहीत?" ज्या मुलीचे पुस्तक होते, ती इतका वेळ गप्प होती. तिने घरी जाऊन दादींना त्या दोन तारखा दाखवल्या. दादींनी चष्मा लावून त्या तारखांवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाल्या, "सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. हे पुस्तक त्यांच्याच उशाखाली असायचे."

मुलीने हे वाक्यही तारखांच्या खाली लिहून आणले आहे. तेवीस दिवसांचे उत्तर अजून मिळालेले नाही. तुम्हांला काय वाटते?

शब्दार्थ : सनावळी - वर्षांची यादी. करदोटा - कमरेला बांधायचा दोरा. कनवटीला लावणे - कमरेच्या वस्त्रात खोचून ठेवणे. लवाजमा - सोबतची माणसे व सामान. सडा - डोंगरावरील सपाट कातळ. आगबोट - वाफेवर चालणारी बोट.

स्वाध्याय
१. भोकाच्या पैशाविषयी दादींनी काय सांगितले? नाण्यावरून काय समजले?
२. दगडावर हिजरी सन ११३२ आहे. इसवी सन काढा.
३. 'दप्तर' प्रमाणे उर्दू व मराठीत वेगळ्या अर्थाने वापरले जाणारे तीन शब्द शोधा.
४. घरातील एका जुन्या वस्तूविषयी दहा ओळी लिहा. वस्तूवरून समजलेले आणि घरच्यांनी सांगितलेले वेगवेगळे लिहा.