न मिळणारे राउटर बिट : विकत घ्यावे, घासून घ्यावे की टाळावे?

निघोजे, कुरुळी, महाळुंगे या पट्ट्यात महिंद्रासारखे मोटारींचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्यामागे पॅकिंग केस, पॅलेट, लाकडी ट्रे बनविणाऱ्या शेडही उभ्या राहिल्या. या शेडमधले आमचे अनेक कारागीर बंधू पाइनच्या खोक्यांबरोबर फर्निचरचे कामही घेतात. अडचण येते ती एखादे गिऱ्हाईक जुन्या वाड्याच्या चौकटीचा तुकडा आणून टेबलावर ठेवते आणि म्हणते, "अशीच नक्षी हवी", तेव्हा. तसे बिट बाजारात नसते. काम सोडावे तर पैसा जातो, आणि घाईने काहीतरी जुगाड करावे तर बोटे जातात.

अशा वेळी पहिली गोष्ट ही करावी की तुकडा आडवा कापून त्याचा छेद कागदावर पेन्सिलीने उतरवून घ्यावा. आम्ही असे अनेक छेद पाहिले आहेत. बहुतेक नक्षी ही एक अर्धगोल, एक आतली गोलाई आणि एकदोन पायऱ्या यांचीच जुळणी असते. म्हणजे तीन साधी बिटे आणि तीन फेऱ्या. वेळ जास्त लागतो खरा, पण चाळीस फूट पट्टीसाठी खास बिट बनवून घेण्यात अर्थ नाही. चार हजार फुटांची ऑर्डर असेल तर हिशेब उलटा होतो.

दुसरा सोपा उपाय बेअरिंगचा आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. खाच पाडण्याच्या बिटाचा व्यास 34.9 मिमी आणि टोकाचे बेअरिंग 12.7 मिमी असेल तर खाच 11.1 मिमी खोल पडते. बेअरिंग 15.9 मिमीचे लावले की तीच खाच 9.5 मिमी होते. नियम एवढाच की बिटाच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करून निम्मे करावे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यातल्या बेअरिंगच्या दुकानांत ही छोटी बेअरिंगे मिळतात. फक्त आतले भोक बिटाच्या टोकाला बसते का, ते बिट सोबत नेऊनच पाहावे.

आता घासून घेण्याविषयी. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत कार्बाइड टोकाचे साधे सरळ बिट मिळते. तेच कच्चा माल समजून त्यावर नक्षी घासता येते. भोसरीत टूल-कटर ग्राइंडिंग करणारी दुकाने आहेत. तिथल्या एका वयस्कर उस्तादांशी झालेले बोलणे आमच्या चांगले लक्षात राहिले.

"चाचा, दोन्ही पात्यांना हा छेद काढून द्या."

"देईन बेटा, पण तुझी खोली जास्त आहे. कार्बाइड एवढंसंच आहे, त्याच्या पुढं लोखंड लागंल. लोखंडाची धार सागवानात किती टिकणार?"

बिट निवडतानाच टोकावरच्या कार्बाइडची रुंदी मोजावी आणि नक्षीची खोली त्यापेक्षा कमी ठेवावी, हे त्या दिवशी कळले. चाचांनी आणखी एक गोष्ट दाखविली. मागचे लोखंड त्यांनी आधी पांढऱ्या दगडावर काढले आणि नंतरच कार्बाइडला हिऱ्याची चकती लावली. हिऱ्याच्या चकतीवर लोखंड घासले की ती भरून जाते आणि महागडी चकती वाया जाते. धारेच्या मागे 10 ते 15 अंश उतार द्यावाच लागतो, नाहीतर पाते कापत नाही, नुसते रगडते आणि लाकूड जळते. दोन्ही पाती सारखी उतरली पाहिजेत. एका पात्यावर जास्त घासले तर 20,000 फेऱ्यांना मशीन हातात थरथरते.

कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे. मास्कशिवाय हे काम करू नये. टोक पुन्हा चांदीच्या झाळाने जोडायचे असेल तर कॅडमियम नसलेली काडीच मागावी.

कुदळवाडीच्या भंगारात पूर्वी कारखान्यांतून निघालेल्या सॉलिड कार्बाइडच्या एंड मिल स्वस्तात मिळत. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली आणि अनेक कारागिरांचा हा आधार तुटला. अजूनही कुणाकडे अशा मिल असतील तर दोन धारांची घ्यावी. चार धारांच्या मिलमध्ये भुसा अडकतो आणि लाकूड काळे पडते.

जोखमीची खरी जागा दांडी आहे. आमच्याकडून एकदा ही चूक झाली. एका दुकानातून "अर्ध्या इंचाचे" म्हणून बिट आणले, ते निघाले 12 मिमीचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी. कोलेट घट्ट आवळले, हाताला पक्के वाटले. तिसऱ्या फुटावर बिट खाली सरकले आणि सागाची तयार चौकट अर्ध्यातून चिरली. माणूस वाचला, लाकडाचे पैसे गेले. 6 मिमी आणि पाव इंच यांतही असाच घोळ होतो, कारण पाव इंच 6.35 मिमी असतो. पत्र्याची पट्टी गुंडाळून बसविणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगणे आहे की योग्य मापाचे कोलेट विकत घ्या. दुकानात व्हर्नियर घेऊनच जावे, दुकानदार हसला तरी चालेल.

वेगाचेही तसेच. 22,000 फेऱ्यांना 12 मिमी बिटाची धार ताशी सुमारे 50 किलोमीटरने धावते, 60 मिमी बिटाची ताशी सुमारे 250 ने. मोठे बिट 10,000 फेऱ्यांच्या आसपास चालवावे, तेही टेबलावर बसवून; हातातल्या राउटरवर नाही. लेथच्या टूल बिटाचा तुकडा घासून एकाच बाजूला बसविण्याची युक्ती काही जण करतात. ती राउटरवर कधीही करू नये.

कोटेशन देताना बिटाचा खर्च वेगळ्या ओळीत लिहावा आणि काम संपल्यावर बिट कोणाकडे राहील तेही लिहावे. नंतरचे बरेच वाद यावरूनच होतात. पहिली निघालेली पट्टी वीतभर कापून तिच्यावर बिटाचे माप, बेअरिंग आणि फेऱ्यांचा क्रम लिहून शेडमध्ये टांगून ठेवावी. तेच गिऱ्हाईक दोन वर्षांनी आणखी एका दारासाठी येते, तेव्हा ती पट्टी उपयोगी पडते.