आपल्या घरासमोरचा कोट
शास्त्रभाग : नहेम्या, अध्याय 3; गलतीकरांस पत्र, अध्याय 6



यरुशलेमेचा कोट पुन्हा उभारताना कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला, असे नहेम्या सांगतो. हा अध्याय वाचताना मला अलास्कातील युपिक आदिवासींचे पुढारी माइक विल्यम्स आठवतात.

अलास्काच्या नैर्ऋत्येस कुस्कोक्विम नदीकाठी आकियाक हे त्यांचे लहानसे गाव. 1885 मध्ये मोरेव्हियन मंडळीने याच नदीवर बेथेल येथे मिशनकार्य सुरू केले. पहिल्या मिशनऱ्यांपैकी जॉन किलबक हे स्वतः लेनापे आदिवासी होते. ते युपिक भाषा शिकले आणि 1922 मध्ये आकियाक येथेच प्रभूमध्ये निजले.

1. पडका कोट पाहणे. विल्यम्स यांचे सहाही भाऊ दारूपायी गेले. घरातले असे दुःख माणसे सहसा झाकून ठेवतात. त्यांनी ते लोकांपुढे मांडले.

2. ओझे वाहणे. अँकरेज ते नोम ही कुत्र्यांच्या बर्फगाडीची इडिटारॉड शर्यत सुमारे 1,600 किलोमीटरची असते. विल्यम्स 1992 पासून अनेकदा तिच्यात उतरले. दारूपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या हजारो लोकांच्या सह्या ते गाडीत घेऊन जात. अशा प्रवासात कागदाचेही वजन जाणवते. पण सही करणाऱ्याला कळत असे की, आपले नाव कोणीतरी वाहून नेत आहे. एकमेकांची ओझी वाहा, असे पौल गलतीकरांस सांगतो, ते याहून वेगळे काय?

3. घरापासून गावापर्यंत. पुढे ते आकियाकच्या आदिवासी पंचायतीचे प्रमुख झाले. नदीतील सामन मासा हे तिथल्या घराघरांतले अन्न. तो कमी होऊ लागला, तेव्हा मासेमारीचे निर्णय आदिवासींना विचारून व्हावेत म्हणून 2015 मध्ये काठच्या जमातींनी आपला आयोग स्थापला. विल्यम्स यांनी त्याचे अध्यक्षपदही सांभाळले.

आपल्याकडेही पाड्यांवर व्यसनमुक्तीचे काम चालते. मला वाटते, आपण देणगी व कार्यकर्ते पाठवतो, पण पुष्कळदा पाड्यातल्याच माणसाला पुढे करायला विसरतो. कोट ज्याच्या घरासमोर पडला आहे, त्याच्या हातात थापी द्यावी; आपण दगड-चुना पुरवावा. मदत करणाऱ्याने मागे उभे राहणे, हीही सेवाच आहे.

मननासाठी प्रश्न
1. माझ्या घरासमोरचा कोट कोठे पडला आहे?
2. या महिन्यात मी कोणाचे नाव प्रार्थनेत रोज वाहीन?
3. आपण ज्या पाड्याला मदत करतो, तेथील पुढाऱ्याचे म्हणणे आपण शेवटचे कधी ऐकले?

प्रार्थना : व्यसनाने माणूस गमावलेल्या कुटुंबांसाठी, आणि आदिवासी बांधवांतून उभ्या राहणाऱ्या पुढाऱ्यांसाठी.