साक्षीतला स्वल्पविराम

न्यायालयात साक्ष नोंदवताना साक्षीदार बोलतो, साहेब त्याचं वाक्य जुळवून सांगतात आणि आम्ही लघुलेखक ते टंकतो. शब्द साक्षीदाराचे, मांडणी साहेबांची. विरामचिन्हं मात्र कुणीच सांगत नाही, ती आमच्यावर सोडलेली असतात. या कामात कळलेल्या काही गोष्टी नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहितो.

१. श्वास ऐकून स्वल्पविराम देऊ नका. साक्षीदार खोकतो, पाणी मागतो, वकिलाकडे बघतो. साहेबही वाक्य मनात जुळवत मध्येच थांबतात. त्या प्रत्येक थांब्याला चिन्ह दिलं तर वाक्याचे तुकडे होतात. वाक्य पुरं होऊ द्या, अर्थ कळू द्या, मग चिन्ह द्या.

२. ‘नाही’ आला की कान टवकारा. ‘तुम्ही भांडण पाहिलं नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही, मी पाहिलं’ असं उत्तर आलं तर तो प्रत्यक्षदर्शी. ‘नाही मी पाहिलं’ म्हणाला तर त्याने काहीच पाहिलेलं नाही. बोलताना फरक सुरात असतो आणि सूर कागदावर उतरत नाही. अशा वेळी साक्षीदार पिंजऱ्यात असतानाच ‘साहेब, पाहिलं की नाही पाहिलं?’ असं विचारून घ्यावं. मग ‘मी भांडण पाहिले’ असं सरळ विधान येतं आणि शंका उरत नाही.

३. माणसं मोजा. ‘आरोपी, त्याचा मेहुणा गणपत व दोन भाऊ आले’ म्हणजे चौघे. ‘मेहुणा’नंतर स्वल्पविराम पडला की झाले पाच. बेकायदेशीर जमाव ठरायला कायद्याला किमान पाच माणसं लागतात, म्हणजे हा स्वल्पविराम थेट कलमाला जाऊन भिडतो. नाव आणि नातं एकाच माणसाचं असेल तर दोन्ही चिकटून लिहा.

४. ‘मी’ कोणाचा ते दाखवा. ‘आरोपी म्हणाला की मी कोयता आणला.’ कोयता आणला कोणी, आरोपीने की साक्षीदाराने? आरोपीचे शब्द जसेच्या तसे सांगितले असतील तर ते अवतरणचिन्हांत घाला: आरोपी म्हणाला, ‘मी कोयता आणला.’

५. उलटतपासातला नकार तोडू नका. ‘मी घटनास्थळी नव्हतो हे म्हणणे खरे नाही.’ इथे ‘नव्हतो’नंतर पूर्णविराम पडला, तर साक्षीदाराने आपली गैरहजेरी कबूल केल्यासारखं दिसतं. नकारावर नकार चढून गुंता झाला, तर प्रश्नोत्तररूपाची आठवण साहेबांना अदबीने करून द्यावी. सत्र खटल्यात साक्ष सहसा निवेदनरूपात घेतात, पण हवा तो भाग प्रश्नोत्तररूपात नोंदवायची मुभा न्यायाधीशांना आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३११ तसं सांगतं.

६. उद्गारचिन्ह वापरूच नका. साक्षीदार चिडला, रडला, टेबलावर हात आपटला, तरी विधानापुढे पूर्णविरामच. त्याच्या वागण्याबद्दल शेरा लिहिण्याचा अधिकार न्यायाधीशांचा. त्यांनी सांगितला तर तो वेगळ्या ओळीत टंकावा.

७. वाचून दाखवताना घाई करू नका. याच संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते. संध्याकाळी सगळ्यांनाच घरी जायचं असतं, तरी जिथे चिन्ह आहे तिथे थांबत वाचा. ‘अहो, मी असं नाही म्हणालो,’ हे वाक्य याच वेळी निघतं. मग न्यायाधीश दुरुस्ती करतात किंवा त्याची हरकत नोंदवून ठेवतात.

सही झाल्यावर मात्र स्वल्पविरामालासुद्धा आपण हात लावायचा नाही. काही खटकलं तर साहेबांच्या कानावर घालावं, पुढचं ते ठरवतील. अपिलात वरचं न्यायालय सहसा साक्षीदाराला पाहत नाही, त्याचा आवाज ऐकत नाही. त्याच्यापुढे आपण टंकलेला कागद असतो, आणि दोन्ही बाजूंचे वकील त्याच कागदावरून भांडतात.