गोळीची निवड आणि युद्धाचा कायदा

युद्धात शत्रूवर शस्त्र चालविण्याची मुभा असते. मात्र वाटेल ते शस्त्र चालविण्याची नसते. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेने हे तत्त्व मांडले. शत्रुसैनिक लढण्यास असमर्थ झाला की युद्धाचा हेतू साधतो. त्याहून अधिक यातना देणे निरर्थक होय. या आधारे ४०० ग्रॅमहून कमी वजनाची स्फोटक अस्त्रे तिने निषिद्ध ठरविली.

पुढील वादाचे मूळ हिंदुस्थानात आहे. कलकत्त्याजवळील दमदमच्या शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात गोळीच्या टोकावरील धातूचे वेष्टन काढून आतील शिसे उघडे ठेवण्यात आले. अशी गोळी शरीरात पसरते आणि जखम फार मोठी करते. १८९९ च्या हेग घोषणेने तिला मनाई केली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली. सैनिकी रायफलीची गोळी आज सामान्यतः पूर्णपणे धातुवेष्टित असते, ती यामुळेच.

परंतु वेष्टित गोळी शरीर भेदून पलीकडेही जाऊ शकते. रणभूमीवर हा दोष गौण ठरतो. ओलिसांच्या खोलीत तो प्राणघातक होतो. मानेसर येथे तळ असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलापुढे, म्हणजेच एन.एस.जी.पुढे, हाच पेच असतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथे हे दल उतरले, तेव्हा अतिरेकी आणि निरपराध माणसे एकाच छपराखाली होती. अशा प्रसंगी पसरून शरीरातच थांबणारी गोळी मागच्या माणसाला वाचवू शकते. अनेक देशांतील पोलीस ती याच कारणास्तव वापरतात.

हेग घोषणा केवळ करारबद्ध राष्ट्रांमधील युद्धापुरती आहे, आणि १९८६ च्या अधिनियमाने या दलाकडे अंतर्गत अशांततेपासून राज्यांचे रक्षण सोपविले आहे. म्हणून घोषणेच्या शब्दांनी त्याचे हात बांधले जात नाहीत. तथापि ही मोकळीक निरंकुश नव्हे. अनावश्यक इजा करणारा दारूगोळा पोलिसांनीही वापरू नये, असे संयुक्त राष्ट्रांची १९९० ची तत्त्वे सांगतात. शिवाय आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या संविधीत २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही मनाई अंतर्गत सशस्त्र संघर्षालाही लावली. भारत त्या संविधीचा पक्षकार नाही, हे खरे.

तात्पर्य, दहशतवादी हल्ल्याला सरसकट 'युद्ध' म्हणताना सावध राहिले पाहिजे. ते युद्ध ठरले, तर युद्धाची बंधनेही लागू होतात. या दलाच्या कृती गटातील जवान सैन्यातून येतो आणि सैन्यात परततो. एकाच माणसाला दोन नियम पाळावे लागतात. दोहोंची कसोटी मात्र एकच : वाढलेल्या जखमेने कोणाचा प्राण वाचला? याचे उत्तर देता येत नसेल, तर ती गोळी वापरू नये.