वादकाच्या हाती कॅमेरा

मिल्ट हिंटन हे अमेरिकेतील एक थोर जाझ वादक होते. जाझ हे तेथील कृष्णवर्णीय लोकांनी घडविलेले संगीत होय. हिंटन यांचा जन्म १९१० साली मिसिसिपी राज्यात झाला. बालपणी ते शिकागो शहरी आले व तेथे व्हायोलिन शिकले; परंतु कृष्णवर्णीय तरुणाला व्हायोलिनवादकाचे काम मिळणे त्या काळी दुरापास्त होते. तेव्हा त्यांनी डबल बास हे माणसाहूनही उंच असे तंतुवाद्य हाती घेतले. त्याचा वादक मागे उभा राहून लय सांभाळतो. श्रोत्यांचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते. त्याला मात्र सारे सोबती दिसत असतात.

१९३५ साली वाढदिवसानिमित्त हिंटन यांना एक कॅमेरा भेट मिळाला. पुढील वर्षी ते कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. गावोगावच्या प्रवासात ते सोबत्यांची छायाचित्रे घेऊ लागले. रंगमंचावरील हसरे चेहरे सर्वांच्याच परिचयाचे होते; हिंटन यांनी आगगाडीत थकून झोपी गेलेले वादक टिपले. कॅमेरा धरणारा त्यांच्यातलाच होता. म्हणून कोणी संकोचत नसे.

दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. ज्यांच्या वादनावर लोक खूश होत, त्यांनाच उपाहारगृहात प्रवेश मिळत नसे. अटलांटाच्या रेल्वे स्थानकावर कृष्णवर्णीयांसाठी निराळे दार होते. त्या दाराच्या पाटीपाशी हिंटन यांनी सोबत्यांचे छायाचित्र घेतले. पाटी त्यांना हीन ठरवू पाहते. छायाचित्र मात्र त्या पाटीलाच लाजविते.

१९५९ साली विख्यात गायिका बिली हॉलिडे यांच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात हिंटन साथीला होते. मुद्रित झालेला स्वतःचाच थकलेला आवाज ऐकताना खिन्न झालेली त्यांची मुद्रा हिंटन यांनी टिपली. चारच महिन्यांनी त्या निवर्तल्या.

हिंटन यांनी सुमारे ६०,००० छायाचित्रे घेतली. स्नेह्यांची आठवण म्हणून आरंभिलेल्या या छंदातून त्यांना आपले दुसरे कार्य गवसले. वाद्यवृंदाची लय सांभाळणारा हा वादक आपल्या लोकांचा इतिहासही सांभाळू लागला. १९८८ साली त्यांच्या आठवणी व छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. २००० साली त्यांचे निधन झाले. इतरांच्या चेहऱ्यांकडे आपुलकीने पाहता पाहता माणसाला स्वतःचीही ओळख पटते, याची साक्ष त्यांचे जीवन देते.